गुडघाभर पाण्यातलं इतिवृत्त

लोकांची बोलणी खाणं हा माझा पेशा होता, असं मी सांगतो तेव्हा समोरचा माणूस आधी मला एस.टी.तला कंडक्टर समजतो आणि मग शाळामास्तर. मी दोन्ही नव्हतो. मी जनसुनावणीचं इतिवृत्त लिहायचो. म्हणजे बोलणी नुसती खायची नाहीत, ती लिहून काढायची आणि शेवटी देणाऱ्यालाच वाचून दाखवायची.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाण काढायची असो, कारखाना टाकायचा असो की महामार्ग न्यायचा असो, त्याआधी तिथल्या लोकांना विचारावं लागतं. मग गावाबाहेर मांडव पडतो. एक मोठे साहेब अध्यक्ष म्हणून बसतात, कंपनीचा अभियंता आपला प्रकल्प कसा सर्वांच्या भल्याचा आहे ते सांगतो, आणि मग माईक लोकांच्या हाती जातो. हे सगळं चालू असताना कोपऱ्यातल्या टेबलाशी एक माणूस मान खाली घालून लिहीत असतो. सगळ्यांचं बोलून झालं की तो उठतो आणि कोण काय म्हणालं ते मोठ्यानं वाचतो. वाचन झालं, साहेबांची सही झाली, की सुनावणी संपली. तो माणूस मी. नागपुरात वर्धा रोडवर एका सल्लागार कंपनीत होतो. मोठ्या इंग्रजी अहवालाचा मराठी सारांश करायचा, मांडवासाठी जागा बघायची आणि इतिवृत्त लिहायचं, ही तीन कामं माझ्याकडे.

या कामात एक कसब लागतं. लोक जसं बोलतात तसं सरकारी कागदावर उतरवता येत नाही. ते धुऊन, पिळून, इस्त्री करून उतरवावं लागतं. उमरेडकडे एका कोळसा खाणीच्या सुनावणीत गणपतराव नावाचे शेतकरी उठले. माईक हातात घेऊन म्हणाले, "कोळसा तुमचा, धूळ आमची. विहिरीले तडा गेला, पाणी पळालं, अन् आता मांडव टाकून इचारता का कसं वाटून राहिलं? तुमच्या बापाची जमीन हाय का?"

मी लिहिलं : श्री. गणपतराव यांनी भूजल पातळी व धूळ नियंत्रण याबाबत मौलिक सूचना केल्या, तसेच जमिनीच्या मालकीविषयी स्पष्टीकरण मागितले.

वाचन झाल्यावर गणपतराव माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता कॉलर धरतात. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "साहेब, मी एवढा शायना बोललो का?"

"हो," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि समाधानानं घरी गेले.

या कसबाचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. 'सगळे चोर आहेत' याचं मी 'पारदर्शकतेची अपेक्षा व्यक्त केली' असं करायचो. 'आमच्या मढ्यावरून रस्ता न्या' याचं 'तीव्र भावना मांडल्या'. एक बाई माईकसमोर नुसतीच रडली, एक शब्द बोलली नाही, तर तिचंही मी 'उपजीविकेबाबत चिंता व्यक्त केली' असं केलं होतं. साहेब लोक खूश असायचे. एवढ्या वर्षांत माझ्या इतिवृत्तात 'बाप' हा शब्द फक्त एकदा आला. ती हकीकत सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे.

पण त्याआधी माझ्या दोन सोबत्यांची ओळख करून द्यायला हवी.

एक नानाजी. त्यांचं बिछायत केंद्र. आमच्याकडे मांडव, खुर्च्या, सतरंज्या, माईक भाड्यानं देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. आमच्या कंपनीची बिछायत नेहमी नानाजींची असायची. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, गळ्यात माईकच्या वायरीचं वेटोळं. लग्न, तेरवी, धम्म परिषद, जनसुनावणी, सगळीकडे तेच निळे-पांढरे पडदे. विरोधकांच्या मोर्चाला माईक त्यांचा आणि कंपनीच्या सुनावणीलाही त्यांचाच. "आपला माईक कोणाच्याच बाजूनं नाही, साहेब," ते म्हणायचे, "तो फक्त शिटी मारते."

दुसरे नागपुरातल्याच जरीपटक्याचे हरीशभाऊ. त्यांचं कापडाचं दुकान होतं. ते मुलांच्या हवाली केल्यावर त्यांना एक छंद लागला, तो म्हणजे सुनावण्यांना जाणं. वर्तमानपत्रात सूचना वाचून ते बरोबर पोचायचे. पहिल्या रांगेत बसायचे. सगळं लक्ष देऊन ऐकायचे आणि शेवटी उठून प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारायचे, "बाकी सब ठीक है, लेकिन पार्किंग का क्या?" उड्डाणपूल असो, सिमेंटचा कारखाना असो की दगडाची खाण, हरीशभाऊंना पार्किंगची चिंता. मीही इमानदारीनं लिहायचो : श्री. हरीश यांनी वाहनतळाबाबत विचारणा केली. आम्ही त्यांना हसायचो.

तर एकदा कंपनीला कोकणातलं काम मिळालं. समुद्रकिनाऱ्यानं जाणाऱ्या महामार्गाचं. खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, गावापुढे कांदळवन. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारं जंगल, आणि ते संरक्षित, त्याला हात लावायला मनाई. कांदळवन आणि गाव यांच्या मधोमध मात्र एक लांबरुंद मोकळा पट्टा होता. त्यावर उंच भराव टाकून रस्ता न्यायचा, असा आराखडा. संरक्षित भाग म्हणून नकाशावर जी रेघ होती, तिच्या कधी आतून, कधी बाहेरून हा रस्ता असा काही गेला होता की तिला पाय लागतो की नाही ते भिंगानं बघावं. आसपासच्या सगळ्या गावांनी विरोध केला होता. रस्त्याला नव्हे बरं का, या जागेला. रस्ता डोंगराच्या अंगानं न्या, असं त्यांचं म्हणणं. तिथला एक रिक्षावाला मला म्हणालाही, बाळंतिणीला तालुक्याला न्यायचं तर जीव टांगणीला लागतो, रस्ता कोणाला नको आहे.

मराठी सारांश मीच केला होता. इंग्रजी अहवालात त्या पट्ट्याला जे काही म्हटलं होतं, त्याचं मी 'पडीक व अनुत्पादक जागा' असं केलं. समुद्र मी तोवर एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, आणि तोही मास्तरांनी लांबूनच दाखवला होता.

विरोध एवढा कडक की तालुक्यातला एकही मांडववाला मांडव द्यायला तयार होईना. मग नानाजींची बिछायत थेट नागपूरहून ट्रकनं न्यायचं ठरलं. सुनावणीच्या आठवडाभर आधी मी आणि नानाजी जागा बघायला गेलो. पंचायतीनं सांगितलं, शाळेत घ्या. शाळेचा वर्ग पाहिला तर त्यात पन्नास माणसं मावायची मारामार. आणि अनुभवानं मला एक माहीत होतं : विरोधातलं गाव नेहमी जागा बदला, वेळ बदला, असं म्हणतं. ती त्यांची रीतच असते. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

मग आम्हाला तो पट्टा दिसला. काय सांगू. विदर्भात मांडवाची जागा शोधायची म्हणजे दगड, काटे, ढेकळं, कापसाच्या पऱ्हाट्यांचे खुंट. इथे खडा नाही, काडी नाही. सपाट, कडक, झाडून ठेवल्यासारखी जमीन, बाजूला मातीचा छोटा बांध. नानाजी पायानं दाबून बघत म्हणाले, "एवढं मोठं मैदान अन् कोणी क्रिकेटबी खेळून नाही राहिलं. काहून बा?"

"लोकांना कदर नसते," मी म्हटलं. शिवाय कायदा म्हणतो, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ घ्या. ही तर ऐन रस्त्याखालची जागा. मी नकाशावर फुली मारली.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी आली. डोक्यावर टोपली, टोपलीत ओल्या शिंपल्या, तिकडे त्यांना तिसऱ्या म्हणतात. हातात आकड्यासारखं काहीतरी. गाव तिला जनीकाकी म्हणायचं, हे नंतर कळलं. तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खंयचे तुमी?"

"नागपूरचे."

"थंय दर्या आसा?"

"नाही."

"बरां. आणि हय काय करतास?"

मी सांगितलं, पुढल्या सोमवारी सुनावणी आहे, इथेच मांडव पडणार. ती म्हणाली, "सोमवारी अमावास्या आसा."

आता इथे मला माझ्या घराविषयी सांगायला हवं. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरात मुहूर्त, अमावास्या, ग्रहण यांतलं काही उरलं नाही. माझं लग्न चांगल्या भरल्या अमावास्येला झालं, आणि वडिलांनी तारीख मुद्दाम तीच धरली होती. त्यामुळे कोणी कामात अमावास्या आणली की माझ्यातला वक्ता जागा होतो. तो तिथेही झाला.

मी तिला बांधावर बसवलं आणि समजावून सांगितलं. म्हटलं, आजी, चंद्र आकाशात फिरणारा एक गोळा आहे. तो दिसला काय, नाही दिसला काय, आपल्या कामाशी त्याचा काही संबंध नसतो. ही भीती आपल्या मनात कोणीतरी घातलेली आहे. ती काढून टाकली पाहिजे. नानाजी मान डोलावत होते. उदाहरण म्हणून माझ्या लग्नाचं सांगितलं, संसार उत्तम चालला आहे हेही सांगितलं.

चंद्राचा माणसाच्या कामाशी संबंध नसतो, हे मी दर्याकाठच्या बाईला दर्याकाठी उभं राहून सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "बरां." आणि निघून गेली.

रस्त्यात नानाजी म्हणाले, "साहेब, म्हातारीले पटलं वाटते."

सोमवारी पहाटे ट्रक लागला. मैदान ओलसर होतं. नानाजींचा ऊर भरून आला. "गाव विरोधात हाय म्हंतेत, पण पाहा, धूळ उडू नये म्हणून पाणी मारून ठेवलं." आमच्याकडे सभेच्या आधी टँकरनं पाणी मारतात, ते आठवून मलाही बरं वाटलं. सकाळपर्यंत मांडव उभा राहिला. निळे-पांढरे पडदे, लाल खुर्च्या, साहेबांसाठी पांढऱ्या कापडाचं टेबल, वर फुलदाणी. बाजूला जनरेटर. एवढा देखणा मांडव नानाजींनी लग्नातही घातला नसेल.

साहेब वेळेवर आले. पण गाव मांडवात येईना. पंचक्रोशीतले सगळे लोक आले होते, बाया-बापे, म्हातारे, आणि सगळे बांधावर ओळीनं उभे होते. चपला हातात. मला वाटलं, बहिष्काराची ही इकडची पद्धत असावी. मी तसं टिपूनही घेतलं.

अभियंत्यानं माझाच सारांश वाचायला घेतला. रिकाम्या खुर्च्यांपुढे तो चांगला रंगात आला होता. नानाजी माझ्यामागे उभे होते. थोड्या वेळानं ते वाकून म्हणाले, "साहेब, पाणी येऊन राहिलं."

"कोणाला प्यायला हवं आहे?" मी लिहिता लिहिता विचारलं.

"प्यायचं नाही. असंच येऊन राहिलं."

मी मान वर केली. कांदळवनाच्या बाजूनं, पडद्याच्या खालून, एक पातळ चादर आत सरकत होती. आवाज नाही, लाट नाही. टँकर फुटला असेल असं वाटून मी टँकर शोधू लागलो. तोवर पाणी माझ्या टेबलाच्या पायांना टेकलं. अभियंता 'सदर जागा पडीक व अनुत्पादक असून' इथपर्यंत आला होता. त्यानं खाली पाहिलं आणि कागद मिटला.

नानाजींनी आधी जनरेटर बंद केला, हे त्यांचं थोर काम. वायरी गळ्यात घातल्या आणि माईक डोक्यावर धरून उभे राहिले. साहेब उठले. सुनावणी तहकूब करून तालुक्याच्या ठिकाणी घेऊ, असं अभियंता त्यांच्या कानात सांगू लागला. तालुका तिथून लांब, आणि ऐन कामाच्या दिवशी एवढ्या लोकांनी तिथवर जायचं कसं, हा प्रश्न कोणी काढला नाही.

आणि तेव्हा गाव बांधावरून उतरलं. लुगडी खोचून, लुंग्या वर करून लोक पाण्यातून शांतपणे चालत आले आणि एकेक खुर्ची धरून बसले. साहेबांच्या अगदी समोर जनीकाकी. पाय पाण्यात, हात मांडीवर.

"बसा सायबानु," ती म्हणाली. "आता खरी जागा दिसली. आता बोलूया."

साहेब तरुण होते, पण माणूस सरळ असावा. त्यांनी एकदा आपल्या बुटांकडे पाहिलं, मग बूट काढले, पँट दुमडली आणि बसले. म्हणाले, "सुरू करा."

माईक बंद होता, म्हणून प्रत्येक जण जवळ येऊन बोलला. रिक्षावाला बोलला, मास्तर बोलले, मासे विकणाऱ्या बाया बोलल्या. भराव पडला की हे पाणी येणार कुठून आणि जाणार कुठे, एवढंच सगळे वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत होते. पाणी आलं नाही की कांदळवन मरणार, कांदळवन मेलं की खाडीतली मासळी आणि या पट्ट्यातल्या तिसऱ्या मरणार, आणि त्यावरच गावातल्या कितीतरी बायांच्या चुली. जनीकाकी शेवटी उठली.

"ह्या पडीक? हय माझ्या आवशीन तिसऱ्यो काढल्यान, मी काढतंय, माझी सून काढता. दिसातून दोनदा दर्या हय पेरून जाता. तुमचो बापूस कधी हय इल्लो काय बघूक?"

मी कागद पुठ्ठ्यावर धरून उभ्यानं लिहीत होतो. पाणी पिंडरीला लागलं होतं. हाताला सवयच अशी की मी लिहून मोकळा झालो : एका ज्येष्ठ महिलेने उपजीविकेबाबत चिंता व्यक्त केली. मग रीतीप्रमाणे वाचायला घेतलं. पाणी आता गुडघ्याशी होतं. फुलदाणी टेबलावरून पडून साहेबांच्या मागून कुठेतरी तरंगत जात होती. मी वाचत होतो आणि सगळं गाव ऐकत होतं. जनीकाकीचं वाक्य आलं.

ती उठली. "ह्या मी बोलूक नाय."

मी म्हटलं, "आजी, अर्थ तोच आहे."

"मी चिंता करूक नाय. माका राग इलो. राग लिवा."

आजवर कोणी मला असं अडवलं नव्हतं. गणपतराव तर खूश झाले होते. मी साहेबांकडे पाहिलं. अभियंता म्हणाला, "भाषा जरा सभ्य असावी." जनीकाकी त्याच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. त्या दिवशी अमावास्येचं व्याख्यान ऐकताना तिनं असंच पाहिलं होतं, आणि मग 'बरां' म्हणाली होती. त्या 'बरां'चा अर्थ मला तिथे, पाण्यात, नीट कळला. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं होतं. मी तिचं एक वाक्य ऐकलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "त्या बोलल्या तसं लिहा."

मी लिहिलं. एकेक शब्द तिला विचारून लिहिला. 'पडीक' या शब्दापासून 'बापूस'पर्यंत. आणि शेवटी माझ्या मनानं एक ओळ घातली, जी कोणी सांगितली नव्हती : सुनावणीच्या वेळी सभास्थानी गुडघाभर पाणी होते, ते समुद्राच्या भरतीचे होते, आणि ते येणार असल्याची पूर्वसूचना ग्रामस्थांनी दिली होती. ते सगळं पुन्हा वाचून दाखवलं. साहेबांनी जनीकाकीच्या वाक्यातल्या 'बापूस'वर बोट ठेवलं, "हा शब्द?"

"तोच," ती म्हणाली.

साहेबांनी सही केली. पाणी ओसरू लागल्यावर आमच्या खुर्च्या गोळा करायला गावातली माणसं कांदळवनापर्यंत गेली. एकही हरवली नाही. फुलदाणी तेवढी सापडली नाही. जनीकाकीनं आम्हाला घरी नेऊन तिसऱ्यांचं कालवण वाढलं. नानाजी कालवण ओरपत मला म्हणाले, "साहेब, तुमच्या लग्नात पाणी नव्हतं आलं ना?"

पुढे काय झालं, असं लोक विचारतात. प्रस्ताव फेरअभ्यासासाठी परत आला. नव्या कंपनीनं नवी पाहणी केली, डोंगराच्या अंगानं एक नवी रेघ ओढली गेली, आणि अजून बैठका चालू आहेत. खाडीवर भराव पडलेला नाही. पडणारच नाही, असं मी लिहून देणार नाही, कारण रस्त्यांच्या फायली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. माझ्या कंपनीनं मला त्यानंतर मांडवाची जागा बघायला पाठवलं नाही, एवढं मात्र खरं.

परत आल्यावर हरीशभाऊ भेटले. कोकण लांब पडलं म्हणून ती एकच सुनावणी त्यांची चुकली होती, त्याची त्यांना हळहळ. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा पुसत ऐकली आणि म्हणाले, "वो सब ठीक है. लेकिन पानी की पार्किंग का क्या?"

मी हसलो. घरी येईपर्यंत हसणं थांबलं होतं. एवढा जाडजूड अहवाल, एवढे तज्ज्ञ, माझा सारांश, आणि मुद्द्याचा प्रश्न हरीशभाऊंनी विचारला होता.

आता मी निवृत्त आहे. नागपूरच्या बेसा भागात लहानसं घर बांधून राहतो. बांधलं तेव्हा समोर वावर होतं आणि बाजूनं नाला. आज वावरात प्लॉटांचे लेआउट आहेत, आणि मोठ्या पावसात नाल्याचं पाणी आमच्या अंगणात येऊन जातं. एकदा तर ते स्वयंपाकघरात आलं, आणि बायकोनं ओट्यावर चढून मला विचारलं, "काहो, आज अमावास्या हाय का?"

यंदा सूचना आली की नाल्यात पाइप टाकून, तो वरून बुजवून, त्यावर मोठा रस्ता करायचा आहे, हरकती असल्यास मंगल कार्यालयात येऊन मांडाव्यात. मी गेलो. निळे-पांढरे पडदे पाहूनच ओळखलं. नानाजी माईकपाशी होते, केस पांढरे, खर्रा तोच. पहिल्या रांगेत हरीशभाऊ. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि हॉल हसला. मी हसलो नाही.

मग जन्मात पहिल्यांदा मी माईक हातात घेतला. चांगलं लिहून नेलं होतं, पण कागद खिशातच राहिला. पाणी कसं येतं ते सांगताना आवाज चढला. उताराच्या खालच्या घरातल्या जोशीकाकू दर पावसाळ्यात गाद्या उचलून कशा बसतात ते सांगितलं. मी ओरडलो, हे मला नानाजींनी माईकचा आवाज कमी केला तेव्हा कळलं.

सगळ्यांचं झाल्यावर कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाई वाचायला उठल्या. मध्यमवयीन, शांत, नीटस. मी त्यांच्याकडे जरा कौतुकानंच बघत होतो. त्यांनी वाचलं, "एका ज्येष्ठ नागरिकाने पाण्याच्या निचऱ्याबाबत सूचना केली."

वाक्य उत्तम होतं. मीही तेच लिहिलं असतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, आणि त्यात मी कुठेच नव्हतो. गणपतराव आठवले. माईकसमोर नुसतीच रडलेली ती बाई आठवली. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि ते कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. "बाई, असं मी म्हणालो नाही."

बाई गोंधळल्या. "काका, अर्थ तोच आहे."

"मी सूचना केली नाही. मला राग आला."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. बाईंनी चष्मा वर केला, पेन उचललं आणि म्हणाल्या, "बरं. मग काय लिहू?"

आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं घडी घालून ठेवणारा माणूस मी, आणि मला एकही घडीचा शब्द आठवेना. घरात बोलतो तेच तोंडाला आलं.

"लिवा बाई. ते नाल्याची जागा हाय. पाणी तिथूनच जाईन. ते तुमच्या बापाले इचारून जाणार नाही."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मंचावरच्या साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, बाप असंच लिहू?"

नानाजी केव्हा शेजारी येऊन उभे राहिले होते कोणास ठाऊक. त्यांनी माईक माझ्या तोंडाजवळ आणला आणि आवाज वाढवला.

"असंच लिवा," मी म्हणालो, "अन् मले वाचून दाखवा."